व्हीएमला ट्रंक द्या, पण सरसकट नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक), म्हणजे आम्ही ज्याला नुसतं व्हीएम म्हणतो, त्याच्या नेटवर्कविषयी लेख आला होता. एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम कशी चालतात आणि ती बाहेरच्या स्विचशी (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाशी) कशी जोडतात, हे लेखकाने सोप्या मराठीत मांडलं आहे. अशा विषयाला वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. एका मुद्द्यावर मात्र लिहिणं भाग आहे. व्हीएमच्या आत अनेक व्हीलॅनची, म्हणजे एकाच जाळ्यावर क्रमांकाने वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कची, वाहतूक पोचवायची असेल तर व्हर्च्युअल स्विचवर सगळे व्हीलॅन मोकळे सोडावेत, म्हणजे पुढे अडचण येत नाही, असा सल्ला त्यात आहे. असं केलं की काम लगेच सुरू होतं हे खरं. त्यामुळेच हा सल्ला जागोजागी दिला जातो, आणि सर्व्हर सांभाळणारी जी तरुण मंडळी आपली पुरवणी वाचतात त्यांनी तो तसाच उचलू नये असं मला वाटतं.

मी एका शिक्षणसंस्थेची सर्व्हर रूम सांभाळते. आमच्याकडे एकाच तारांच्या जाळ्यावर सहा वेगळी नेटवर्क चालतात. १० क्रमांकाचा व्हीलॅन स्विच आणि सर्व्हर यांच्या व्यवस्थापनासाठी, २० कार्यालयाचा, ३० प्रयोगशाळांचा, ४० टेलिफोनचा, ५० कॅमेऱ्यांचा आणि ६० पाहुण्यांच्या वायफायचा. यातल्या २० ते ६० या पाचांच्या मध्ये उभी असलेली फायरवॉल, म्हणजे कुणी कुणाकडे जायचं ते ठरवणारी चौकी, हे एक व्हीएम आहे. म्हणजे व्हीएमला ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) देण्याचं काम मी रोज डोळ्यांसमोर पाहते, आणि त्याला माझा विरोध मुळीच नाही. ट्रंकशिवाय आमची फायरवॉल चालणारच नाही.

जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. इथरनेटवर माहिती फ्रेमच्या रूपात जाते. प्रत्येक फ्रेमवर आधी कुणाकडे जायचं तो पत्ता असतो, मग कुणाकडून आली तो पत्ता. आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकाने (ते पहिल्यांदा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं) या दोन पत्त्यांच्या लगेच मागे चार बाइटची एक पट्टी घालण्याची सोय केली. तिला टॅग म्हणतात. त्यातले पहिले दोन बाइट 'इथे टॅग आहे' एवढंच सांगतात. उरलेल्या १६ बिटांपैकी तीन प्राधान्यासाठी, एक गर्दीच्या वेळी फ्रेम टाकून देता येईल का हे सांगण्यासाठी आणि १२ व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला १ ते ४०९४ उरतात. ज्या पोर्टवरून एकाच नेटवर्कची, टॅग नसलेली वाहतूक जाते तो ॲक्सेस पोर्ट. ज्याच्यावरून अनेक नेटवर्कच्या टॅग लावलेल्या फ्रेम एकत्र जातात तो ट्रंक पोर्ट.

आता सर्व्हरकडे येऊ. बाहेरच्या स्विचपासून सर्व्हरच्या नेटवर्क कार्डापर्यंत ट्रंक आलेली असते. आत हायपरव्हायजरचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) व्हर्च्युअल स्विच असतो, आणि खरा निर्णय तिथे होतो. टॅग काढायचा आणि लावायचा कुणी? नेहमीच्या मांडणीत हे काम व्हर्च्युअल स्विच करतो. कार्यालयाचं व्हीएम ज्या पोर्टला जोडलं आहे तिथे २० लिहिलेलं असतं. आत येताना टॅग उतरवला जातो, बाहेर जाताना चढवला जातो, आणि व्हीएमला टॅग नावाचं काही अस्तित्वात आहे याचा पत्ताही लागत नाही. त्या व्हीएमवर कुणी पूर्ण ताबा मिळवला तरी त्याला ३० किंवा ५० मध्ये जाता येत नाही, कारण क्रमांक ठरवणारा हात व्हीएमच्या बाहेर आहे.

ट्रंक आत दिली की तो हात व्हीएमच्या आत जातो. कुठल्या नेटवर्कमध्ये बोलायचं हे आता व्हीएममधला ॲडमिन ठरवतो, आणि तो ॲडमिन उद्या कुणीही असू शकतो: तुमचा सहकारी, बाहेरचा कंत्राटदार, किंवा वेळेवर अद्ययावत न केलेल्या सॉफ्टवेअरमधून घुसलेला परका माणूस. माझं म्हणणं सगळं यातच आलं. ट्रंक देणं म्हणजे अधिकार देणं आहे, आणि अधिकार नावानिशी द्यायचा असतो. या व्हीएमला २०, ३०, ४०, ५० आणि ६० लागतात, तर एवढेच पाच आकडे लिहावेत. 'सगळे' असं लिहू नये.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरमधलं उदाहरण घेते, कारण लेखातल्या सल्ल्याचं मूळ बहुधा तिथेच असावं. तिथल्या साध्या व्हर्च्युअल स्विचच्या पोर्ट ग्रुपमध्ये (एकाच नियमाच्या पोर्टांच्या गटात) व्हीलॅनचा रकाना एकच. ० ठेवला तर हायपरव्हायजर टॅगकडे लक्ष देत नाही आणि ते काम बाहेरच्या स्विचवर राहतं. १ ते ४०९४ पैकी आकडा दिला तर टॅग व्हर्च्युअल स्विच सांभाळतो. आणि मानकात राखीव असलेला ४०९५ हा आकडा घातला तर सगळे व्हीलॅन टॅगसकट व्हीएममध्ये जातात. पोर्ट ग्रुपचं नाव काहीही असो, ४०९५ याचा अर्थ 'बाहेरच्या स्विचने या सर्व्हरला जे जे दिलं ते सगळं' असा होतो. साध्या स्विचमध्ये पाचच व्हीलॅनची ट्रंक द्यायची सोयच नाही. ती डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये (अनेक सर्व्हरवर मिळून चालणाऱ्या व्हर्च्युअल स्विचमध्ये) आहे, तिथे ट्रंकसाठी क्रमांकांची यादी किंवा टप्पे लिहिता येतात. डिस्ट्रिब्युटेड स्विचचा परवाना नसेल तर बाहेरच्या स्विचवरच, त्या पोर्टच्या परवानगीच्या यादीत, कात्री लावावी लागते. त्यासाठी फायरवॉलच्या व्हीएमला सर्व्हरवरचं वेगळं नेटवर्क कार्ड आणि वेगळा व्हर्च्युअल स्विच द्यावा. माझ्या मते एक जादा कार्ड यासाठी खर्ची घालणं पूर्णपणे योग्य आहे.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये मला जास्त शहाणपण दिसतं. तिथल्या खिडकीत व्हीएमसाठी एकच व्हीलॅन क्रमांक लिहिता येतो. ट्रंक द्यायची तर पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या साधनात) उतरावं लागतं आणि तिथे परवानगीच्या व्हीलॅनची यादी आणि टॅग नसलेल्या फ्रेमसाठीचा नेटिव्ह व्हीलॅन, दोन्ही आपल्या हाताने लिहावे लागतात. लोक या जाचाबद्दल कुरकुरतात. यादी लिहायला बसलं की माणूस 'याला नक्की काय काय हवं आहे' असा विचार करतो, आणि मला तो विचारच हवा आहे. ओपन व्हीस्विच या व्हर्च्युअल स्विचमध्ये याच्या अगदी उलट आहे: पोर्टवर काहीच लिहिलं नाही तर तो सगळ्या व्हीलॅनची ट्रंक होतो. प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायजरमध्ये ब्रिजला (तिथल्या व्हर्च्युअल स्विचला) व्हीलॅनची जाण दिली आणि व्हीएमच्या कार्डावर टॅग लिहिला नाही, तर ब्रिजवरचे सगळे व्हीलॅन त्या व्हीएमपर्यंत जातात. ते आवरायला कार्डाच्या कॉन्फिगरेशनमध्ये ट्रंक्स नावाचा पर्याय आहे आणि तो फार कमी लोक भरतात. म्हणजे बऱ्याच ठिकाणी रकाना रिकामा ठेवणं हाच सगळ्यात मोठा परवाना ठरतो.

लिनक्सचा साधा ब्रिज वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सविस्तर सांगते. २०१३ मध्ये आलेल्या कर्नल ३.९ पासून ब्रिजमध्ये व्हीलॅनची चाळणी करता येते. ती बंद असेल तर ब्रिज टॅगकडे पाहतच नाही, सगळ्या फ्रेम जशाच्या तशा पुढे ढकलतो. चालू केली तर नव्याने जोडलेल्या पोर्टला आपोआप फक्त १ क्रमांक मिळतो आणि बाकीचे क्रमांक प्रत्येक पोर्टवर वेगळे नोंदवावे लागतात. चालू चाळणीत फ्रेम दिसेनाशा झाल्या की वैतागून चाळणीच बंद करून टाकलेले सर्व्हर मी पाहिले आहेत. बाहेरचं कार्ड आणि व्हीएमचं टॅप कार्ड (व्हीएमला ब्रिजशी जोडणारं आभासी कार्ड), या दोन्ही पोर्टांवर क्रमांक नोंदवायला हवा होता, एवढंच काम होतं.

दुसरी गोष्ट जास्त छळते. समजा सर्व्हरच्या स्वतःच्या व्यवस्थापनाचा पत्ता १० क्रमांकात आहे, म्हणून कुणीतरी प्रत्यक्ष नेटवर्क कार्डावर दहाचं उपकार्ड (फक्त त्या व्हीलॅनचं आभासी कार्ड) तयार केलं आणि तेच प्रत्यक्ष कार्ड ब्रिजमध्येही घातलं. अशा वेळी लिनक्स कर्नल दहाच्या टॅगच्या फ्रेम आधी त्या उपकार्डाला देतो, ब्रिजपर्यंत त्या पोचतच नाहीत. मग व्हीएममध्ये बाकी सगळे व्हीलॅन दिसतात आणि नेमका १० दिसत नाही. स्विच तपासला तर बरोबर, व्हीएम तपासलं तर बरोबर. उपाय सोपा आहे. उपकार्ड प्रत्यक्ष कार्डावर न बांधता ब्रिजवर बांधायचं. मला स्वतःला मात्र असं वाटतं की व्यवस्थापनाचा व्हीलॅन कुठल्याही व्हीएमच्या ट्रंकमध्ये मुळात जाऊच नये. आमच्या फायरवॉलला १० दिलेला नाही. त्या नेटवर्कसाठी वेगळं छोटं यंत्र आहे, आणि फायरवॉल कोलमडली तरी मी सर्व्हरपर्यंत पोचू शकते.

सगळे व्हीलॅन दिले तर बिघडतं काय, हा प्रश्न मला तरुण सहकारी नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. कारण अनेकांची समजूत अशी असते की ट्रंक मिळालेल्या व्हीएमला सगळ्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. तसं होत नाही. स्विच ज्याची फ्रेम त्यालाच देतो. प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांच्या फ्रेमही ऐकण्याची परवानगी) दिलेला नसेल तर दोन वेगळ्या यंत्रांमधला संवाद या व्हीएमपर्यंत येत नाही. येतात त्या सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेम: अमुक पत्ता कुणाचा म्हणून विचारणाऱ्या एआरपीच्या, पत्ता मागणाऱ्या डीएचसीपीच्या. पण तेवढ्यावरून कोणत्या नेटवर्कमध्ये कोण आहे याचा बराचसा नकाशा काढता येतो. आणि ऐकण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बोलता येतं. व्हीएममध्ये पन्नासचं उपकार्ड तयार करायला एक ओळ पुरते. त्याला एक पत्ता दिला की ते व्हीएम कॅमेऱ्यांच्या नेटवर्कचं सभासद झालं. तिथून ते एआरपीला खोटी उत्तरं देऊन गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) म्हणून मिरवू शकतं किंवा डीएचसीपी सर्व्हर बनून इतरांना पत्ते वाटू शकतं. मधली फायरवॉल यातलं काहीच अडवत नाही, कारण ही वाहतूक तिच्यातून जातच नाही.

यासाठी कुणाचा दुष्ट हेतूही लागत नाही. एका संस्थेत मला मदतीला बोलावलं होतं. तिथेही फायरवॉल व्हीएमच होती आणि तिच्या पोर्ट ग्रुपला ४०९५ दिलेला होता. नवीन नियम तपासून पाहायचे म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने त्या व्हीएमची प्रत काढली आणि प्रत चालू केली. चालत्या यंत्रावर प्रयोग करायचा नाही ही त्याची काळजी अगदी योग्य होती. पण प्रतीबरोबर पोर्ट ग्रुपही तोच आला, आणि आतली सगळी उपकार्डं, गेटवेचे सगळे पत्ते, सगळे डीएचसीपी सर्व्हरही. प्रत उठली आणि प्रत्येक नेटवर्कमध्ये एकाच पत्त्याचे दोन गेटवे झाले. एआरपीला कधी हा उत्तर देई, कधी तो. कार्यालयाचे संगणक चालत होते आणि मध्येच थबकत होते, फोन लागत होते आणि आवाज तुटत होता. पूर्ण बंद पडलं असतं तर कारण लवकर सापडलं असतं. सगळ्या नेटवर्कमध्ये एकदम अर्धवट बिघाड, म्हणून सगळे बाहेरच्या मुख्य स्विचवर संशय घेऊन बसले होते. प्रत ज्या पोर्टला जोडली तिथे चाचणीचा एकच व्हीलॅन असता, तर ती प्रत स्वतःशीच बोलत बसली असती आणि तंत्रज्ञाचं काम शांतपणे झालं असतं. तेव्हापासून मी जिथे जाते तिथे सांगते की फायरवॉलचा ट्रंक पोर्ट ग्रुप फक्त फायरवॉलचा असावा, आणि प्रत काढताना नेटवर्क कार्ड तोडूनच प्रत उठवावी.

आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. ईएसएक्सआयचा व्हर्च्युअल स्विच स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचांमध्ये फ्रेम गोल गोल फिरू न देणाऱ्या व्यवस्थेमध्ये) भाग घेत नाही. बाहेरच्या स्विचवर सर्व्हरच्या पोर्टला बहुधा बीपीडीयू गार्ड लावलेला असतो: या पोर्टवरून स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला तर पोर्ट ताबडतोब बंद करा, असा तो नियम. आता ट्रंक मिळालेल्या एखाद्या व्हीएममध्ये कुणी ब्रिज बांधला आणि त्या ब्रिजने असा निरोप बाहेर पाठवला, तर बाहेरचा स्विच अख्ख्या सर्व्हरचा पोर्ट बंद करतो. त्या सर्व्हरवरची सगळी व्हीएम अंधारात. तिथून ते व्हीएम आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर उठलं, तर तिथेही तेच होतं आणि तोही पोर्ट जातो. ईएसएक्सआयमध्ये ५.१ आवृत्तीपासून व्हीएमकडून येणारे हे निरोप अडवायचा पर्याय आहे, पण तो मुळात बंद असतो. ट्रंक देणाऱ्याने तो चालू केला पाहिजे.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा अनुभवही सांगायला हवा, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत आणि एकाच्या देखभालीसाठी फायरवॉल चालू स्थितीत दुसऱ्यावर हलवली जाते. एकदा ती हलवल्यावर सगळं सुरळीत दिसलं. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा सर्व्हर मात्र वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहे, आणि त्याच्यापर्यंत चित्रण यायचं थांबलं. दुसऱ्या सर्व्हरकडे जाणाऱ्या स्विच पोर्टच्या यादीत ५० घालायचं स्विचच्या कंत्राटदाराकडून राहून गेलं होतं. सगळे व्हीलॅन मोकळे असते तर असं झालंच नसतं, असं त्या दिवशी मला ऐकवलं गेलं. ते खरंच आहे. यादी ठेवली की यादीत चूक होऊ शकते, आणि नवा व्हीलॅन आला की तो तीन ठिकाणी नोंदवावा लागतो: बाहेरच्या स्विचवर, व्हर्च्युअल स्विचवर आणि व्हीएमच्या आत.

तरीही मी यादीच्या बाजूने आहे. पन्नास राहिला तर पन्नासच बंद पडला, बाकीची पाच नेटवर्क चालू राहिली, आणि शोध एका आकड्यापासून सुरू झाला. गेटवेची प्रत उठली तेव्हा सगळी नेटवर्क एकदम डळमळली आणि शोध कुठून सुरू करायचा हेच कळेना. शिवाय यादीतली चूक आधी पकडता येते. दोन्ही सर्व्हरच्या पोर्टांच्या याद्या शेजारी ठेवून पाहायला फार वेळ लागत नाही. डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये तर बाहेरच्या स्विचवरचे व्हीलॅन आणि एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या माहितीची कमाल लांबी) जुळतात का हे तपासायची सोयच दिलेली आहे. आमच्याकडे आता फायरवॉल हलवण्याआधी ही तुलना केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

एमटीयूचा उल्लेख आला म्हणून थोडं त्याबद्दल. टॅगचे चार बाइट वाढले की इथरनेटच्या फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ होते. वाटेतल्या एखाद्या जुन्या उपकरणाला किंवा ड्रायव्हरला ते चार बाइट पेलले नाहीत, तर पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारी चाचणी) व्यवस्थित चालतं, लॉगिनचं पान येतं आणि मोठी फाइल मात्र अडकते. अशा वेळी तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा पिंग पाठवून पाहावा. त्यात २८ बाइट शीर्षकांचे मिळवले की बरोबर १५०० होतात. छोटा पिंग गेला आणि हा गेला नाही, तर दोष व्हीलॅनच्या यादीत नसून लांबीत आहे.

आणि फ्रेम नक्की कुठे हरवते हे शोधायचं तर बाहेरून आत यावं. आधी स्विचच्या पोर्टवर, मग सर्व्हरच्या प्रत्यक्ष कार्डावर, मग व्हीएमला जोडलेल्या टॅप कार्डावर, सर्वांत शेवटी व्हीएमच्या आत. लिनक्सवर टीसीपीडंप या फ्रेम दाखवणाऱ्या साधनाला इथरनेटचं शीर्षक दाखवायला सांगितलं की टॅग दिसतो. विंडोजवर अनेक कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, त्यामुळे वायरशार्क या तशाच साधनात टॅग दिसला नाही म्हणजे तो आलाच नाही असा निष्कर्ष काढू नये. बहुतेक तरुण नेमकं उलट करतात. व्हीएमच्या आत रात्रभर धडपडतात आणि शेवटी कंटाळून प्रॉमिस्क्युअस मोड चालू करतात, सगळे व्हीलॅन सोडतात, आणखी दिसेल ती परवानगी देतात. काम सुरू होतं. नक्की कशाने सुरू झालं हे कळत नाही, म्हणून पुढे एकही परवानगी मागे घ्यायची कुणाची हिंमत होत नाही. मी पाहिलेल्या मोकाट ट्रंकांपैकी बऱ्याचशा अशाच जन्मल्या आहेत. काही ठिकाणी प्रॉमिस्क्युअस मोड खरोखर लागतो, उदाहरणार्थ घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेला किंवा व्हीएमच्या आत आणखी व्हीएम चालवणाऱ्या प्रयोगशाळेला. तिथे तो त्या एका पोर्ट ग्रुपवर द्यावा, अख्ख्या व्हर्च्युअल स्विचवर नव्हे. ४०९५ आणि प्रॉमिस्क्युअस मोड एकत्र आले तर मात्र त्या व्हर्च्युअल स्विचवरून जाणारी प्रत्येक व्हीलॅनची वाहतूक ते व्हीएम वाचू शकतं, आणि असं व्हीएम कुणाच्या हाती आहे हे संस्थेच्या प्रमुखाला माहीत असलंच पाहिजे.

खरं तर ट्रंक देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न असा असतो की ती लागतेच का. दोन-तीन नेटवर्कचं काम असेल तर व्हीएमला दोन-तीन कार्डं द्यावीत आणि प्रत्येक कार्ड एकेका व्हीलॅनच्या पोर्टला जोडावं. टॅग बाहेरच राहतो, व्हीएमच्या आत काहीही शिकावं लागत नाही. व्हीएमवेअरमध्ये एका व्हीएमला जास्तीत जास्त दहा कार्डं देता येतात; त्यापुढे नेटवर्क गेली तर ट्रंकला पर्याय नाही. आमच्या फायरवॉलकडे पाचच नेटवर्क आहेत, मग ट्रंक का, असं कुणी विचारेल. वायफायच्या विस्तारात आणखी व्हीलॅन यायचे आहेत, आणि दर वेळी फायरवॉलला नवं कार्ड जोडलं की आतल्या कार्डांचे क्रम बदलण्याची भीती असते. एवढं कारण मला पुरेसं वाटलं. वेब सर्व्हरला, छपाईच्या सर्व्हरला, हजेरीच्या प्रणालीला ट्रंक देण्याचं मात्र एकही कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. सार्वजनिक क्लाउडवर जाणाऱ्यांनी तर हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडच्या व्हर्च्युअल नेटवर्कमध्ये व्हीलॅन चालतच नाहीत, त्यामुळे ट्रंकवर बेतलेली फायरवॉल तिथे तशीच्या तशी नेता येत नाही, प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं कार्ड अशीच मांडणी करावी लागते.

नेटिव्ह व्हीलॅनबद्दल लेखात काहीच नव्हतं, म्हणून तेही लिहिते. ट्रंकवर टॅग नसलेली फ्रेम आली तर ती कुठल्या व्हीलॅनची समजायची हे नेटिव्ह व्हीलॅन ठरवतो, आणि बहुतेक स्विचवर तो मुळात १ असतो. बाहेरच्या स्विचने १ मानला आणि व्हर्च्युअल स्विचने दुसरा, तर दोन नेटवर्क गुपचूप एकमेकांत मिसळतात. व्हीएमकडे जाणाऱ्या ट्रंकवर नेटिव्ह म्हणून असा क्रमांक ठेवावा ज्यात एकही यंत्र नाही. आमच्याकडे तसा एक रिकामा व्हीलॅन आहे आणि त्याच्या नोंदीपुढे 'इथे काहीही जोडू नये' असं लिहिलेलं आहे.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे की लेखमालेच्या पुढच्या भागात त्यांनी सगळे व्हीलॅन मोकळे सोडण्याच्या सल्ल्याऐवजी यादी कशी लिहायची ते दाखवावं. ईएसएक्सआय, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स आणि साधा लिनक्स ब्रिज, चारही ठिकाणी ते वेगळ्या तऱ्हेने करावं लागतं आणि मराठीत ते एका जागी कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही. हवं असल्यास आमच्या फायरवॉलच्या पोर्टांची नोंदवही, पत्ते आणि नावं काढून, मी आपल्याकडे पाठवीन. तिच्यात प्रत्येक व्हीलॅनपुढे तो कुणी मागितला, कशासाठी आणि पुन्हा कधी तपासायचा, हे तीन रकाने आहेत. छापायला जागा नसेल तर नुसते रकाने छापले तरी चालतील.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(नेटवर्क व्यवस्थापक, शिक्षणसंस्था)